पाचपैकी चार खोल्या

भोकरदन,
२ जुलै १९७४

ति. अण्णा आणि ति. माय यांस,
बेबीनंदाचा सप्रेम जयभीम. वि. वि. की, पत्र पोचले. माझी तब्येत ठीक आहे, खोकला गेला, जेवण वेळेवर होते. हे तीन प्रश्न तुमच्या प्रत्येक पत्रात असतात, म्हणून उत्तरे आधी दिली.

आरोग्य केंद्रात काम वाढले आहे. पावसाळ्यात तापाचे रोगी वाढतात, त्यामुळे तपासायच्या रक्ताच्या काचाही वाढतात. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून हिवतापाचे जंतू शोधते. संध्याकाळी डोळे मिटले तरी जांभळे ठिपके दिसतात. तक्रार नाही, कळवले.

आणखी एक कळवायचे आहे. मी मांजर आणले आहे. ठरवून आणले नाही. केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमधले एक कुटुंब बदली होऊन गेले. सामान ट्रकमध्ये चढले, मांजर राहिले. ते बंद दारासमोर बसून असायचे. कोणी भाकरी टाकली तर तोंड जवळ न्यायचे आणि सोडून द्यायचे. करडी मादी आहे, वर्ष-दीड वर्षाची असेल. डोळे चिकटलेले, नाक वाहते, बरगड्या वरून दिसतात. शनिवारी घरी निघताना मी तिला काचांच्या रिकाम्या खोक्यात घातले. तिने विरोध केला नाही. मला ते चांगले लक्षण वाटले नाही.

घरमालकीण गोजरबाईंना विचारले. घर त्यांचे आहे, पाच खोल्यांपैकी दोन माझ्याकडे आहेत. त्यांनी खोक्यात वाकून पाहिले आणि म्हणाल्या की, हे काही जगायचं न्हाई, पण तुला ठिवायचं तर ठिव. मग आत निघून गेल्या.

तिला स्वयंपाकघरात ठेवले आहे. जागा स्वच्छ केली. खिडकीखाली, उजेडात, टेबलावर खोके ठेवले आणि बाजूला दुधाची वाटी. सकाळ-संध्याकाळ तिला बाहेर काढून तपासते. ती टेबलावरून उतरून पाण्याच्या रांजणामागे जाते. मी परत टेबलावर ठेवते. ती परत रांजणामागे जाते. दूध तसेच राहते.

माय, तू लहानपणी मांजरे पाळलीस. नवे मांजर घरात रुळवायला काय करतात ते सवडीने कळव. घाई नाही, पण उलट टपाली कळवलेस तर बरे.

बाकी इकडे सर्व क्षेम. माया आहे तशी राहू द्यावी.
आपली,
बेबीनंदा


जाफराबाद,
६ जुलै १९७४

चि. बेबीनंदा हिस,
तातेरावाचे मंगल आशीष आणि जयभीम. वि. वि. तुझे पत्र दोनदा वाचले. एकदा मनात, एकदा मोठ्याने तुझ्या मायसाठी. भोकरदनला गेल्यापासून तुझ्या पत्रांतून आम्हाला तू काय खाल्लेस एवढेच कळत आले. या वेळी तू प्रथमच काही मागितलेस. सल्ला का असेना, मागितलास. मी आनंदाने पोस्टमनला चहा पाजला. तो गोंधळला, पण प्याला.

आता तुझी माय सांगून राह्यली ते जसेच्या तसे उतरवतो. विरामचिन्हे तेवढी माझी.

"बेबे, आधी त्या ठमीला पोत्यात घाल अन् चुलीभवती तीन फेरे फिरव, म्हंजी तिला जुन्या घराची वाट सापडत न्हाई. मंग आरसा दाखव. मंग चारी पायांना तेल चोळ. ती पाय चाटीत बसती, अन् चाटता चाटता घर तिचं होऊन जातं. रांजणामागं बसती तर बसू दे. तू नवी नवी शाळेत गेल्ती तवा बाकाखाली जाऊन बसायची. तुला कुणी ओढून काढलं का? बाकाखालीच पाटी लिव्हली तू. अन् टेबलावर काय ठिवती तिला, मांजर हाय का काच?"

ठमी हे नाव तिने मांजर न पाहताच ठेवले आहे. बदलणार नाही, असे दिसते.

पोत्याच्या फेऱ्यांना शास्त्रीय आधार नाही, असे मी मध्येच म्हणालो. त्यावर ती म्हणाली की, लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्याही पायांना हळद-तेल लावले होते आणि ती टिकली, यापेक्षा आधार कोणता हवा. मी पुढे लिहू लागलो.

एक माझे सांगणे. गोजरबाईंनी तुला खोली दिली तेव्हा गल्लीत बोलणारे बोललेच होते. बाई माळकरी, तरी त्यांनी कुणाचे ऐकले नाही. मांजरापायी त्यांना त्रास होईल असे काही घडू देऊ नकोस. हे तुला सांगायची गरज नाही हे मला ठाऊक आहे. तरीही बाप लिहितो.

मांजराच्या प्रकृतीचे कळव. तुझ्या प्रकृतीचे या खेपेला विचारत नाही, म्हणजे तू आपण होऊन लिहिशील.
तुझे,
अण्णा


भोकरदन,
११ जुलै १९७४

ति. अण्णा आणि ति. माय यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. माझी प्रकृती बरी आहे. आपण होऊन लिहिले.

मायच्या उपायांचा अहवाल असा. पोत्याच्या फेऱ्या केल्या नाहीत. चूल नाही, स्टो आहे, आणि त्याच्याभोवती फिरायला जागा नाही. आरसा दाखवला. तिने पाहिले नाही, डोळे चिकटलेलेच होते. पायांना करडईचे तेल लावले. ते तिने थोडे चाटले. घरात आल्यापासून आपण होऊन पोटात घातलेला तिचा हा पहिला पदार्थ. तेव्हा मायच्या तीन उपायांपैकी एक अगदीच निराधार नाही. तेलकट पायांनी ती माझ्या इस्त्रीच्या पातळावरून चालली, हेही नोंदवते. खोके टेबलावरून काढून रांजणामागे ठेवले आहे. आता ती त्यातच बसते. वाद मिटला.

एक चूक माझी झाली. आमच्या कामात रोगाची जागा फिनाईलने पुसतात. त्या सवयीने मी रोज सकाळी स्वयंपाकघराची फरशी आणि तिचे खोके फिनाईलने पुसत होते. तिची लाळ गळायची. ती आजारामुळे गळते, असे मी धरले. रविवारी विहिरीवरचा दोर तुटला, पाणी कमी होते, म्हणून पुसणे राहिले. त्या दिवशी लाळ गळली नाही. सोमवारी पुसले, दुपारी लाळ पुन्हा सुरू. मंगळवारी मुद्दाम पुसले नाही. लाळ नाही. ती ओल्या फरशीवरून चालायची आणि पाय चाटायची. म्हणजे रोज सकाळी मी तिला फिनाईल चाटवत होते, आणि वर स्वच्छतेचे समाधान मानत होते. बाटली केंद्रात नेऊन ठेवली. आता फरशी गरम पाण्याने पुसते आणि खोक्यातले फडके बदलतच नाही. त्याला वास येतो. तो तिचा स्वतःचा असल्यामुळे तिला चालतो, असे दिसते.

पण खाणे नाही. चमच्याने पाजते तेवढेच दूध पोटात जाते. दूध, काला, गोजरबाईंनी पाठवलेले लोणी, सगळ्याकडे तोंड नेते आणि बाजूला होते. मग माझ्या लक्षात आले की तिला भूक नाही असे नाही, तिला वास येत नाही. नाक बंद आहे. वास आल्याशिवाय मांजर खात नाही. आता संध्याकाळी पातेल्यात उकळते पाणी, शेजारी तिचे खोके, दोन्हींवर चादर आणि चादरीत मीही, कारण एकटी ती थांबत नाही. दोघी शिंकतो.

गुरांच्या दवाखान्यातल्या धर्मराज यांना दाखवले. ते बैल, म्हशी आणि शेळ्या तपासतात. मांजर त्यांच्यापुढे आजवर कोणी आणलेच नव्हते. त्यांनी तिला तिच्या आकाराच्या मानाने खूप आदराने तपासले आणि म्हणाले की, बैलाच्या गोळीचा शंभरावा भाग द्या, आणि चार-सहा दिवसांत खायला लागली नाही तर आशा धरू नका. गोळीचे भाग मी केंद्रातल्या तराजूवर केले. पहिला भाग तिने थुंकला.

तेव्हा असे काहीतरी हवे, ज्यात गोळी लपेल आणि ज्याचा वास बंद नाकातूनही आत जाईल. मला असा एकच पदार्थ माहीत आहे, भाजलेली सुकट. इथल्या बाजारात मिळते. पण ती हातात घेऊन मी या गल्लीतून कशी येऊ? गोजरबाईंच्या घरात मी आजवर अंडेसुद्धा उकडलेले नाही. त्यांनी तशी अट घातली नव्हती. म्हणूनच मी ती पाळली.

काय करावे ते सुचत नाही. ती जगावी असे मला वाटते. हे वाक्य खोडणार होते, पण पत्र घाण दिसले असते.
आपली,
बेबीनंदा


जाफराबाद,
१५ जुलै १९७४

चि. बेबीनंदा हिस,
मंगल आशीष, जयभीम. वि. वि. पत्र येताच तुझी माय उठून बाजाराकडे गेली. दुपारच्या गाडीच्या रामकिसन कंडक्टरबरोबर सुकटीची पुडी पाठवत आहे. तीन कागदांत बांधली आहे, वर मायचे जुने लुगडे आहे. रामकिसन म्हणाला की, मास्तर, तुम्ही मला चौथीत पास केले म्हणून नेतो, नाहीतर गाडीतले लोक मलाच उतरवतील. पुडी तो केंद्रात आणून देईल, घरी नाही. माय म्हणते की पुढचं तू हुशार हायस.

तिने आणखी विचारायला सांगितले आहे की, हे धर्मराज कोण, कुठले, आणि घरात कोण कोण असतं. मी म्हटले, पत्र मांजराचे आहे. ती म्हणाली की, मांजराचंच विचारते, वैद्य कसा हाय ते बघाया नको का.

इकडची बातमी. तुमच्या खात्याचे फवारणीचे पथक येऊन गेले. यंदा हिवताप फार, म्हणून घरोघरी भिंतींना डीडीटी मारत आहेत. शेजारच्या कौसल्याने दार लावून घेतले. तिचे म्हणणे, मागे फवारल्यावर तिचे मांजर पाय झाडत मेले, आता पिल्लू आणले आहे, ते मरू देणार नाही. मी तिला समजावले की, हा लोकांचा गैरसमज आहे, माझी मुलगी त्याच खात्यात आहे, तिनेच मला तसे सांगितले आहे. मग तिने पुढची खोली फवारून घेतली, मागची पुढच्या फेरीला घेते म्हणाली. तुझ्या नावाला इथे वजन आहे, हे कळावे म्हणून लिहिले.

सुकटीचे काय झाले ते लगेच कळव. तुझ्या मायने आज स्वतः पोस्टाच्या पेटीपर्यंत यायचे ठरवले आहे.
तुझे,
अण्णा


भोकरदन,
२३ जुलै १९७४

ति. अण्णा आणि ति. माय यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. सुकट पोचली. आधी वास आला, मग रामकिसन, मग पुडी. धर्मराज यांना बायको आणि तीन मुले आहेत. माय, वैद्य चांगला आहे.

दुपारच्या सुटीत प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर, काच धरायच्या चिमट्याने सुकट भाजली. डॉक्टर दारात आले आणि विचारते झाले की, हे कोणते नवे रसायन आहे. मी सांगितले की मांजराचे. ते निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी मांजर कसे आहे ते विचारले.

संध्याकाळी तिला वाफ दिली. कोमट पेजेत सुकटीची पूड आणि गोळीचा कण मिसळला, वाटी रांजणाजवळ ठेवली आणि मी पाठ करून बसले. मी बघत राहिले की ती खात नाही, एवढे आता कळले आहे. बराच वेळ काही नाही. मग चाटण्याचा आवाज आला. मी वळले नाही. आवाज थांबला तेव्हाही थोडी बसून राहिले. वाटी कोरडी होती. त्या दिवशी माझे जेवण राहून गेले. माय, यावर काही लिहू नकोस.

त्यानंतर ती रोज खाते. डोळे उघडले आहेत, हिरवे आहेत. अजून जवळ येत नाही, पण मी स्वयंपाक करताना रांजणाच्या बाहेर येऊन बसते.

सुकट डब्यात झाकून आणली तरी वास लपून राहत नाही. गोजरबाईंनी हाक मारली. मी सामान बांधायची तयारी मनात करूनच गेले. त्यांनी विचारले की, खाती का ती. मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या की, मंग चोरासारखं डब्यात काय आणती, मागं परसात भाज, पण वारा बघून, माझ्या तुळशीकडं धूर जाऊ देऊ नको. मी बरे म्हणाले.

मग पदराने सूप पुसता पुसता त्या सांगू लागल्या की, त्यांच्याकडेही मांजर होते. मी तेव्हा नवी होते, मला ते एक-दोनदाच ओझरते दिसले असेल. धान्याच्या खोलीत पोत्यांवर झोपायचे. गेल्या वर्षी ती खोली फवारली आणि आठवड्यात मांजर गेले. अण्णा, ती खोली फवारून घ्यायला त्यांना मीच राजी केले होते. त्या ते बोलल्या नाहीत.

कौसल्याबाईंना तुम्ही माझ्या नावाने जे सांगितले ते मी खरेच सांगितले होते. पण मी ते तपासले नव्हते. वरच्यांनी सांगितले, मी पुढे सांगितले. आता विचार करते. मांजर भिंतीला अंग घासते आणि मग अंग चाटते. फिनाईलचे झाले ते हेच. माणूस भिंत चाटत नाही. डीडीटीने मांजर मरते याचा माझ्याजवळ पुरावा नाही. पण तो गैरसमज आहे, याचाही नाही.

आमच्या गल्लीत पथक येत्या पंधरवड्यात येणार. याच गल्लीतल्या दोन काचांवर मी स्वतः जंतू पाहिले आहेत, त्यातली एक काच लहान पोरीची. फवारणी नको असे मी म्हणणार नाही. पण स्वयंपाकघर फवारले तर मांजर ठेवायचे कुठे? तुमच्याकडेही फवारलेले आहे. शिवाय तिला आता कुठे ही एक जागा आपली वाटू लागली आहे. आणखी एकदा हलवले तर ती पुन्हा खाणे सोडेल, अशी मला भीती आहे.

फवारून झाले की दाराशी गेरूने लिहितात, खोल्या किती आणि फवारल्या किती. गेल्या वर्षी या घरावर पाचपैकी तीन लिहिले होते. माझ्या दोन आणि धान्याची. देवघर आणि माजघर राहिले, म्हणून मी गोजरबाईंना दोन गोष्टी ऐकवल्या होत्या. आता अपुरे मी ठेवायचे. बायका म्हणतील की मलेरियावालीच आपली खोली राखती, आणि दारे लावून घेतील. मग कोणाच्या पोराला ताप आला तर?

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते, ते कळवा. असे विचारायची सवय नाही, त्यामुळे नीट विचारता आले नसेल.
आपली,
बेबीनंदा


जाफराबाद,
२७ जुलै १९७४

चि. बेबीनंदा हिस,
मंगल आशीष, जयभीम. वि. वि. नीट विचारता आले आहे.

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी कौसल्याकडे गेलो. तिला सांगितले की, मी त्या दिवशी गैरसमज म्हणालो, पण माझ्या मुलीला ते नक्की ठाऊक नाही आणि मलाही नाही. मला वाटले, आता ती मागची खोली काही फवारू देणार नाही. तिने मला बसवले, चहा दिला, आणि म्हणाली की, मास्तर, तुम्हाला ठाऊक न्हाई हे मला तवाच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पथक राहिलेल्या खोल्यांसाठी फिरून आले, तेव्हा तिने मागची खोलीही फवारून घेतली. पिल्लू गोठ्यात बांधले आहे, गोठा तेवढा सोडायला लावला. मी इतकी वर्षे पोरांना शिकवले, पण 'ठाऊक नाही' हे शब्द वर्गात फार थोड्या वेळा उच्चारले. त्यांचा असा उपयोग होतो, हे आता कळले.

तेव्हा माझे मत हे. लपवून काही ठेवू नकोस. एक खोली राखायची तर का राखतेस ते आधी सांग, आणि बाकीच्या राखू नकोस.

तुझ्या मायचे मत एकाच वाक्याचे आहे: "भिताडावरचा गेरू पावसानं धुतला जातो, मांजर गेलं तर माघारी येत न्हाई."

तू जे करशील ते आम्हाला मान्य आहे. हे मी एकटा लिहीत नाही, शेजारून मान डोलते आहे.
तुझे,
अण्णा


भोकरदन,
१० ऑगस्ट १९७४

ति. अण्णा आणि ति. माय यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. मांजर जिवंत आहे. हे आधी लिहिते, नाहीतर माय शेवटच्या ओळी आधी वाचायला लावील.

तुमचे पत्र आल्यावर मी मलेरिया निरीक्षकांना जाऊन सांगितले की, माझी बाहेरची खोली फवारा, स्वयंपाकघर राहू द्या, कारण तिथे आजारी मांजर आहे, आणि हे मी गल्लीत सर्वांना सांगणार आहे. ते आधी हसले. मग मी हसत नाही हे पाहून थांबले. म्हणाले की, गुरुवारी पथक येईल तेव्हा हजर राहा आणि मुकादमाला तुम्हीच सांगा. गुरुवारची मी अर्धी रजा टाकली.

पथक बुधवारी आले. केळणा नदीला पाणी आल्यामुळे पलीकडच्या गावांची वाट बंद झाली, म्हणून त्यांनी आमची गल्ली आधी घेतली. मी केंद्रात काचांवर वाकले होते. मला काहीच माहीत नव्हते. पुढचे मी शेजारच्या झुंबरबाईंकडून ऐकले, आणि गोजरबाईंनी त्यातले काहीच नाकारले नाही.

पंप घेतलेली माणसे ओसरीत आली, तेव्हा गोजरबाई माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सूप घेऊन बसल्या आणि बाजरी पाखडू लागल्या. आत रांजणामागे मांजर. मुकादम त्यांना समजावू लागला की, हे तर आमच्याच खात्यातल्या बाईंचे बिऱ्हाड, हेच अपुरे राहिले तर मला जाब विचारतील. मावशी, उठा. गोजरबाई पाखडत राहिल्या. त्याने दुसऱ्यांदा सांगितले, तेव्हा सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या:

"गेल्या साली माझं मांजर गेलं, तवा मी बोलले न्हाई. आता बोलून राह्यले. बाकी समद्या खोल्या मार. देवघर बी मार. ह्या उंबऱ्याच्या आत न्हाई."

मुकादम मागे सरला. झुंबरबाई म्हणतात की, देवघराचे नाव ऐकूनच सरला. गेल्या वर्षी त्याच दारातून त्याला हात जोडून परत पाठवले होते. आता गोजरबाईंनी स्वतः उठून देव परातीत घेतले. ओसरी भिजलेली, माजघरात फवारा चालू. कोरडी जागा एकच उरली होती. त्यांनी परात माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवली, दार ओढले आणि पुन्हा उंबऱ्यात बसल्या.

संध्याकाळी मी आले तेव्हा दाराशी ताज्या गेरूने पाचपैकी चार लिहिले होते. आत गेले. फळीवर सुकटीचा डबा, फळीखाली गोजरबाईंचे देव, आणि देवांपासून हातभर अंतरावर मांजर बसलेले. परातीतला प्रसाद गेलेला होता. मी बाहेर येऊन विचारले की, निदान डबा तरी हलवू का. त्या म्हणाल्या की, ऱ्हाऊ दे, दोन दिवस देव बी सोसतील. मला आभार मानायचे होते. मी त्यांची उरलेली बाजरी निवडून दिली. त्यांना ते समजले असावे, कारण चुकीची निवडली म्हणून त्यांनी मला बरेच बोलून घेतले.

मधली दारे बंद ठेवली आहेत. मी स्वयंपाकघरातच झोपते. मांजर मागच्या दाराने परसात जाते आणि येते. गल्लीतल्या बायका गेरू वाचून विचारतात. मी जे आहे ते सांगते. मांजर असेल तर गोठ्यात ठेवा, त्याची खाण्यापिण्याची भांडी झाका, आणि हे नक्की ठाऊक नाही, पण जपलेले बरे. गेल्या खेपेला दार न उघडलेल्या दोन घरांनी, गुरुवारी पथक उरलेल्या घरांसाठी आले तेव्हा, या खेपेला उघडले. निरीक्षकांनी परवा मुकादमाला सांगितले की, पुढच्या गल्लीत आधी घरात मांजर आहे का विचारत जा. माझे नाव घेतले नाही. बरे झाले.

धर्मराज पाहून गेले. बरगड्या आता चाचपाव्या लागतात, दिसत नाहीत. काल तिने परसात पहिला उंदीर मारला. वाफ मी दिली, गोळ्या मी दिल्या, सुकट मी भाजली. उंदीर तिने गोजरबाईंच्या पायाशी नेऊन ठेवला. गोजरबाईंनी तो काठीने बाहेर टाकला आणि दिवसभर गल्लीत तीच गोष्ट सांगत होत्या. मी फक्त नोंदवते आहे.

अजून ती मला हात लावू देत नाही, असे लिहिणार होते. फरशीवर बसून पाटावर हे अंतर्देशीय पत्र लिहीत होते. आत्ता, मागचे वाक्य लिहिताना, ती आली. मी बोलावले नव्हते. आधी तिने पेनाचा वास घेतला. नाक चांगले चालते. मग पत्राच्या डाव्या अर्ध्या भागावर बसली आणि पाठ माझ्या मनगटाला टेकवली. म्हणून इथून पुढच्या ओळी उजव्या कडेला, आखूड आणि वाकड्या आहेत. अण्णा, अक्षराला गुण कापू नका.

ती घुरघुरते आहे. ते हातातून पेनापर्यंत येते. स्टोवर भात ठेवायचा आहे. गोजरबाईंनी हाक मारली. मी ओ दिली, उठले नाही. त्यांनी पुन्हा मारली आणि काय झालं बघायला आल्या. दारातून पाहिले, आणि आता त्याच म्हणून राहिल्या आहेत की, भाताचं मी बघते, तू हलू नको.

बरेच लिहायचे राहिले. जागा आहे, पण ती तिच्याखाली आहे. उठली की लिहीन म्हणून थांबले होते. उठत नाही. तेव्हा तुमचा लोभ आहेच असे धरून इथेच पुरे करते.
तुमची,
बेबी